चोरचोळी कुणाची

उम्मेहानी हे नाव मावळात कुणाच्या तोंडात नीट बसलं नाही. कामशेतच्या बाजारात दोघातिघांनी दोनचार दिवस प्रयत्न केला आणि नाद सोडला. मग बायकांनीच तिची उमा केली, वय वाढलं तशी मावशी जोडली, आणि पंचवीस वर्षं ती उमामावशी म्हणूनच आंदर मावळात बांगड्या भरत फिरली. तिला स्वतःला त्याचं काही वाटत नसे. हाक आपल्याला आहे एवढं कळलं म्हणजे पुरे, असं तिचं म्हणणं.

नवरा चाँदभाई जातीनं आणि धंद्यानं मन्यार. मानमोडीच्या साथीत तो तीन दिवसांत गेला. तेव्हा ही विशीची, पदरात हसिना दोन वर्षांची. चाळीस दिवस कोपऱ्यात बसली, आणखी तीन महिने भिंतीकडे बघत काढले, आणि मग एके सकाळी नवऱ्याची हारी, म्हणजे बांगड्यांची टोपली, डोक्यावर घेऊन टाकव्याच्या रस्त्याला लागली. पहिलं वर्ष काही म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, की हिचे स्वतःचे हात रिकामे, ही सवाशिणींना चुडा कसा भरणार. पण उमामावशीचा हात इतका हलका, की मापापेक्षा एक नंबर लहान बांगडीसुद्धा ती न दुखवता मनगटात चढवायची. कुरकुर करणाऱ्या म्हाताऱ्याच पुढं सुनांना घेऊन तिच्यापुढं बसायला लागल्या.

बांगडी चढवताना अंगठ्याखालचं हाड दाबावं लागतं, आणि ते दुखतं. ते दुखणं बाईला कळू नये म्हणून बोलत राहायचं, तिला बोलतं करायचं. हात हातात असला की बाई कशी बोलते हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगून पटणार नाही. कुणाचा नवरा दुसरीकडे जातो, कुणाला दिवस गेलेत, कुणाची सासू भाकरी मोजून वाढते, सगळं उमामावशीच्या कानावर यायचं आणि तिथंच राहायचं. या घरचं त्या घरी तिनं कधी नेलं नाही. म्हणूनच माहेरच्या गोष्टी सासरी आणि सासरच्या माहेरी पोचवायला बायका तिच्याकडे द्यायच्या. बांगड्यांच्या माळांखाली कधी लाडवांची पुरचुंडी असे, कधी आजारी आईचा निरोप, कधी नुसती केसांची फीत. टपालखात्याला पत्ता लागतो, उमामावशीला नुसतं नाव पुरे.

बेचाळीसच्या भाद्रपदात कान्ह्याच्या फाटकापासून फर्लांगभर अंतरावर कुणीतरी रुळाचे बोल्ट काढून ठेवले. गँगमनच्या ते नजरेला पडलं, तो लाल बावटा घेऊन वेड्यासारखा पळत सुटला, आणि पुण्याला जाणारी पॅसेंजर चाळीस पावलांवर येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी आंदर मावळातल्या गावांतली आठ पोरं घरात नव्हती. त्यात टाकव्याचा हौशीराम होता. कोणी काय केलं होतं आणि कोण नुसतं भीतीनं पळालं होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते सांगत नव्हते.

मग फाटकावर नाका बसला. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला राहुटी, राहुटीत टेबल, टेबलावर जाडजूड वही. टाकव्याला जायला यायला दुसरी वाट म्हणजे डोंगराला वळसा, आणि डोक्यावर काच घेऊन पंचेचाळिशीच्या बाईनं तो वळसा घालायचा म्हणजे दिवस मोडायचा. त्यामुळे फाटक चुकणं नाही.

नाक्याचा मुख्य महिपती हवालदार, जुन्नरकडचा. तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याला दोन शिव्या घातल्या आणि गोष्ट मोकळी. पण तो वाईट नव्हता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना सावलीत बसवायचा, लेकुरवाळीला आधी सोडायचा. आणि त्या पॅसेंजरमध्ये त्याची स्वतःची मुलगी होती, सातव्या महिन्यात माहेरी चाललेली. हे तो ज्याच्या त्याच्याजवळ सांगे. 'चाळीस पावलं,' म्हणे आणि बोटानं रुळाकडे दाखवी. त्यावर कोण काय बोलणार. उमामावशीची हसिना लोणावळ्याला दिलेली, तीही त्याच गाडीनं आईकडे यायची. त्यामुळे दुसऱ्या बायका नाक्याला शापायला लागल्या की उमामावशी गप्प बसे. तिला शाप देववत नव्हता आणि नाका सहनही होत नव्हता.

सगळ्यांची झडती घ्यायची तर बाजाराच्या दिवशी रांग नदीपर्यंत जायची. म्हणून वरून हुकूम आला, की पाचव्याला थांबवा. लोकांना हे दोन दिवसांत कळलं. मग फाटकाच्या अलीकडे जांभळीखाली ही गर्दी. जो तो दुसऱ्याला पुढं घालतोय, कुणाला पायतणाचा अंगठा तुटल्याचं आत्ताच आठवतंय, कुणी विडी पेटवून विझवतोय. चौघे गेले की पाचवा कुणीच होईना. फौजदारानं हे एकदा येऊन बघितलं आणि हुकूम फिरवला. आता रोज सकाळी महिपती हवालदार आपल्या मनाशी एक आकडा धरायचा, कधी तीन, कधी सात, आणि तो कुणाला सांगायचा नाही. जांभळीखालची गर्दी मोडली. त्या जागी नुसती धाकधूक आली.

बायकांची झडती फाटकवाल्याची बायको अंबूबाई घ्यायची. फाटकाच्या खोलीमागं गोणपाटाचा आडोसा केला होता, तिथं. अंबूबाईच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, पण तिचा आवाज असा की आडोशाआड ती जे बघे ते नदीपलीकडे ऐकू जाई. 'अगं, तुजं पोलकं किती फाटलंया,' असं ती एका पाटलिणीला म्हणाली, तेव्हापासून ती पाटलीण टाकव्याबाहेर पडली नाही. उमामावशीची हारी तर दर दोन खेपांना उपसली जायची. हळूहळू बायकांनी तिच्याकडे काही द्यायचं सोडलं. बांगड्या भरताना बोलायच्याही बंद झाल्या. हात पुढं करायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. ह्या बाईला फाटकातनं जायचंय, तिथं हिला काय विचारतील आणि ही काय बोलेल, कुणी सांगावं. आयुष्यभर सांभाळलेला विश्वास काही चूक न करता जावा, ह्याच्यासारखं दुसरं दुःख नाही.

फाल्गुनातल्या बाजाराला आंबीची मुक्ताबाई कामशेतला आली. तिची लेक लीला टाकव्याला हौशीरामाला दिलेली. बांगड्या बघायचं निमित्त करून ती उमामावशीच्या पालाशी बसली आणि कमरेची पुरचुंडी सोडली. आत हिरवा खण, त्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. उमामावशीनं बघितल्याबरोबर ओळखलं. लेकीला तिसरा महिना लागला, की गवगवा व्हायच्या आधी, नजर लागू नये म्हणून, माहेराहून गुपचूप हिरवी चोळी जाते. तिला चोरचोळी म्हणतात. ती कुणाची हे विचारायचं नसतं आणि नेणाऱ्यानं सांगायचं नसतं.

उमामावशीनं मनात महिने मोजले. भाद्रपदात नवरा पळालेला, आणि फाल्गुनात तिसरा महिना.

"जावई आलते," मुक्ताबाई खाली बघत म्हणाली. "मार्गशीर्षात. एकच दिस. लगनाची बायकू हाय, पाप न्हाई केलं. पर सांगायचं कुनाला? न्हाई सांगितलं तर गाव पोरीला शेन घालंल. सांगितलं तर पोलीस तिला फरफटत नेत्याल, नवरा कुटं लपलाय बोल म्हनून. दोन महिनं निभलं की मी तिला आंबीला आनते. तवर कुनाला कळता कामा न्हाई."

"मग चोळी तरी कशाला पाटवती, मुक्ता? फाटक हाय मदी."

"पयलं बाळतपन हाय, मावशी. पोरगी एकली हाय. आईची चोळी बी न्हाई मिळाली तर तिला काय वाटंल?"

उमामावशीनं पुरचुंडी घेतली. नाही म्हणायला तिला यायला हवं होतं. पण कितीतरी महिन्यांनी कुणीतरी विश्वासानं तिच्या हातात काही ठेवलं होतं, आणि ते परत करायचा जीव तिला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या सुमाराला ती फाटकाशी आली. लांबून बघितलं तर नाक्यावर चारातला एक थांबवला जात होता. ती नीट मोजून तिसरी झाली. पुढं एक म्हातारा दोन शेळ्या घेऊन चालला होता, तो दुसरा. बांबूपाशी पोचल्यावर म्हाताऱ्याला आठवलं की काठी जांभळीखाली राहिली, आणि तो शेळ्यांसकट मागं वळला. मागचा गाडीवान तेवढ्यात घाईनं पुढं घुसला, हवालदारानं म्हाताऱ्यालाही मोजलं, गाडीवानालाही मोजलं, आणि उमामावशीपाशी बरोबर चार झाले.

"मावशी, हारी उतरवा," कोंडाजी शिपाई म्हणाला.

आडोशामागं अंबूबाईनं बांगड्यांच्या माळा एकेक उचलून बाजूला ठेवल्या. तळाशी पुरचुंडी. तिनं ती सोडली, आणि तिचा चेहरा फुलला.

"अगं बया, ही तर चोरचोळी. कुनाची गं, उमामावशी? टाकव्यात कुनाला दिस गेल्यात?"

हे सगळं राहुटीपर्यंत ऐकू गेलं. महिपती हवालदारानं टाक दौतीत बुडवला होता, तो तसाच हातात धरून तो हसला. "माज्या पोरीला बी तिच्या आईनं असलाच खन धाडला होता," तो म्हणाला. "शुभ हाय. बोला, कुनाची?"

"नाव घेत न्हाईत, हवालदारसाहेब. म्हनून तर चोर म्हनत्यात तिला."

"ते मला ठावं हाय, मावशी. पर ह्या वहीला ठावं न्हाई. हितं रकाना हाय, माल कोनासाठी. मोकळा ठेवला तर फौजदार मलाच पुसनार. फरारी पोरांला बायकांच्या बोचक्यातनं चिठ्ठ्या जात्यात असा त्यांचा वहीम हाय." त्यानं मागं मान केली. राहुटीच्या बांबूला एक कागद टांगला होता. त्यावर आठ घरांची नावं होती. उमामावशीला वाचता येत नव्हतं, पण आठातलं एक कुणाचं हे कळायला वाचता यावं लागत नव्हतं.

नाव न सांगावं तर चोळी जप्त, आणि मग टाकव्यातल्या प्रत्येक पोटावर नजर. लीलाचं नाव सांगावं तर संपलंच. टाक हवेत थांबलेला होता. आणि उमामावशीच्या तोंडून, कुठून कोण जाणे, नाव आलं, "सरुबाई. रखमाजीची."

सरुबाई टाकव्याचीच, वरच्या आळीची. लग्नाला दहा वर्षं झालेली आणि पाळणा हललेला नव्हता. त्या दिवशी उमामावशी तिच्याकडेच निघाली होती, म्हणून नाव ओठाशी असेल. किंवा तिनं तेवढ्या क्षणात असा हिशेब केला असेल, की जिथं काहीच नाही तिथं पोलिसांना काय सापडणार, कुणाचं काय बिघडणार. माणूस असा हिशेब करतो तेव्हा दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेवर पाय देतोय हे त्याला दिसत नाही. आठ दिवसांनी सरूला हळूच सांगून टाकू, असं तिनं ठरवलंही. हवालदारानं नाव लिहिलं, वर वाळू टाकली.

"चला मावशी," कोंडाजीनं हारी उचलून आपल्याच डोक्यावर ठेवली, "मला बी पाटलाकडं कागुद द्यायचाय. सोबतच जाऊ."

फाटक ते टाकवं ह्या वाटेवर उमामावशीनं पंचवीस वर्षांत हजार खेपा केल्या असतील. त्या दिवसाइतकी ती वाट कधी लहान वाटली नाही. इंद्रायणीचं पाणी घोट्याएवढं होतं. कोंडाजी भला पोरगा, पलीकडे जाऊन हात द्यायला थांबला. वाटेत तो आपल्या लग्नाचं सांगत होता. ती हो हो म्हणत होती आणि मनात देवाला विनवत होती, की गाव येईपर्यंत ह्याला पाटलाची घाई आठवू दे. गाव आलं, आणि कोंडाजी तिच्याबरोबर वरच्या आळीकडेच वळला. 'सामान सरुबाईच्या दारापत्तुर टाकून जातो,' म्हणाला.

सरूची सासू कस्तुराबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. ह्या बाईनं दहा वर्षांत सुनेवर कधी हात उचलला नव्हता, शिवीही दिली नव्हती. फक्त तिच्याशी बोलायची नाही. काम असलं की भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. सरूच्या ताटात नेहमी सकाळची भाकरी असे, गरम इतरांना.

"आजी, तोंड गोड करा," कोंडाजी दारातूनच म्हणाला. "तुमच्या घरी चोरचोळी आलीया."

कस्तुराबाईच्या हातातलं सूप थांबलं. ती उठली, उमामावशीच्या हारीतून तिनं स्वतः ती पुरचुंडी काढली, खण उलगडला, आणि मग मागं वळून बघितलं. सरू दारात उभी होती. पंधरा दिवसांमागं ती नाणे गावाला भावाकडे जत्रेला जाऊन आली होती.

"भावजयीला सांगितलंस व्हय," सासू म्हणाली. दहा वर्षांत पहिल्यांदा ती थेट तिच्याशी बोलत होती. "मला न्हाई सांगितलंस, पोरी."

सरूनं सासूकडे बघितलं, खणाकडे बघितलं, मग शिपायाकडे आणि शेवटी उमामावशीकडे. उमामावशी खाली बसून माळ सोडत होती. सरू मुकाट्यानं येऊन तिच्यापुढं बसली आणि हात पुढं केला. पहिलीच बांगडी वाढली. जिच्या हातून वर्षात दोन वाढत नव्हत्या, तिच्या हातून. काच सरूच्या मनगटात घुसली, रक्ताचा थेंब आला.

"भरा, मावशी," सरू म्हणाली. "हिरव्याच भरा."

कोंडाजी हसत निघून गेला. कस्तुराबाई देवापुढं साखर ठेवायला आत गेली. तेवढ्यात उमामावशी सरूच्या कानाशी लागली. "पोरी, मला मापी दे. फाटकावर गळ्याशी आलं आन तुजं नाव निघालं. चार दिसांनी सांग सासूला, चूक झाली म्हनून."

"मग तुमाला धरत्याल न्हवं?"

उमामावशीनं तिच्या मनगटावरचं रक्त पदरानं पुसलं.

"आन जिची खरी चोळी हाय, तिला बी," सरू म्हणाली. "कुनाची हाय ते नगा सांगू मला. ठावं नसलं तर मी सांगनार बी न्हाई."

परतताना उमामावशी हौशीरामाच्या घरावरून गेली. लीला दारात उभी होती, वाट बघत. चावडीपाशी कोंडाजी पाटलाशी बोलत उभा होता. उमामावशी मान खाली घालून तशीच पुढं गेली. पुढच्या बाजाराला मुक्ताबाईनं डोळ्यांनी विचारलं, आणि उमामावशीनं मान डोलावली, की पोचली. माहेर-सासरच्या मधे ती आजवर खोटं बोलली नव्हती.

आता ह्या बायका कशा अडकल्या बघा. सरूनं खरं सांगितलं तर वहीतलं नाव खोटं ठरणार, आणि मग खरं नाव शोधायला पोलीस निघणार. उमामावशीनं काही सांगितलं तरी तेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हवालदाराचा चांगुलपणा. त्यानं तिची झडतीच बंद केली. 'सरुबाई कशी हाय?' एवढं विचारायचा आणि बांबू वर करायचा. एकदा बायकोनं धाडलेली सुंठ दिली, पोटुशीला चांगली म्हणून. उमामावशीनं ती घेतली. जी नजर चुकवायला ती धडपडत होती, ती आता मायेनं तिच्यावर लागून राहिली होती, आणि मायेच्या नजरेपासून पळता येत नाही.

तिकडे वरच्या आळीत सरूला कुणी घागर उचलू देईना. रखमाजी दर बाजारी चिंचा-बोरं आणायचा आणि बायकोपुढं ठेवून लाजून निघून जायचा. कस्तुराबाई आपल्या हातानं गरम भाकरी तिच्या ताटात टाकी, वर तूप सोडी, आणि ती खाईपर्यंत समोर बसून राही. चैत्रात उमामावशी गेली तेव्हा सरूच्या गालांवर तेज आलं होतं. ती हसत होती.

"दोन येळा कावळा शिवला, मावशी," सरू हळूच म्हणाली. "दोनी येळा लपवलं. चुलीपाशी वावरले, पानी भरलं, देवाला दिवा लावला. पाप लागंल का वो?"

"तुज्या देवाचं मी काय सांगू, पोरी. लागायचं तर मला लागू दे. नाव म्याच घेतलं." मग ती म्हणाली, "आता मोकळी हो. पडलं म्हनून सांग. असं व्हतंय बायकांचं, कुनी शंका घ्यायचं न्हाई."

"सांगते," सरू म्हणाली, आणि बांगड्यांवरून हात फिरवत राहिली. "ह्या खेपंला नगं. पुढल्या."

तिला सांगायचं नव्हतं हे उमामावशीला कळलं. आत कस्तुराबाई नातवासाठी जुनं लुगडं फाडून दुपटी शिवत होती.

त्याच महिन्यात लीला आंबीला गेली, आई आजारी असल्याच्या निमित्तानं. तिच्या पोटानं अजून पदर उचलला नव्हता. त्या दिवशी हवालदाराच्या मनातला आकडा तीन होता आणि लीला दुसरी होती. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. हौशीराम पुढं आषाढात मुंबईत कुठल्याशा चाळीत सापडला, त्याच्याशी ह्या फाटकाचा काही संबंध नव्हता. बोल्ट त्यानं काढले होते की नाही, हे उमामावशीला कधीच कळलं नाही. आपण कुणाचं घर वाचवलं, निरपराध्याचं की चाळीस पावलांवरची माणसं मारायला निघालेल्याचं, ह्या विचारानं तिची कितीक जेवणं अर्धी राहिली.

वैशाखात एका सकाळी ती फाटकाशी आली तर हवालदार स्वतः राहुटीतून बाहेर आला. "वाईट झालं, उमामावशी," तो म्हणाला. "कोंडाजी काल गेलता टाकव्याला. सरुबाईचं पडलं." त्याचे डोळे भरले होते. तो खरंच रडकुंडीला आला होता. मनातून उमामावशीला हलकं वाटलं, सुटले असं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली. हवालदारानं वहीकडे बघितलंही नाही. बांबू वर केला, म्हणाला, "जावा. तिला धीर द्या. मानसाला जगात हेच तर पायजे असतंय."

टाकव्यात रखमाजी गोठ्यात बसून होता. दोन दिवस त्यानं औताला हात लावला नव्हता. कस्तुराबाईनं उमामावशीला बघितलं आणि तिच्या गळ्यात पडून ती रडली. "दोष कुनाला न्हाई," म्हणाली, "माजी सून जगली हेच लय झालं." ती असं म्हणेल ही कुणाची अपेक्षा नव्हती. उमामावशीनं तिच्याकडून टोमणे ऐकायची तयारी केली होती, ह्याची केली नव्हती.

सरू माजघरात घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. उमामावशी उशाशी बसली. सगळं ठरल्याप्रमाणं झालं, आता कुणाला भीती नाही, असं ती कुजबुजून सांगायला लागली. सरूनं तोंड फिरवलं. डोळे सुजले होते. सोंगाचं रडणं असं नसतं, हे इतक्या बायकांचे हात हातात घेतलेल्या बाईला सांगावं लागलं नाही.

"परवा सांगायला बसले आन मला रडूच आवरंना," सरू म्हणाली. "सासूबाई म्हनल्या, रड, पोटातलं गेलंय, रड. मला ठावं हाय काय बी नव्हतं. पर तीन महिनं ह्या घरात सगळे माज्याशी बोलत व्हते, मावशी. मी रोज त्याच्यासाठी जेवत व्हते. त्याचं नाव बी ठेवलं व्हतं."

उमामावशीनं तिचा हात धरला. सरूनं तो सोडवून घेतला नाही.

"तुमीच दिलं," ती म्हणाली, "आन तुमीच नेलं. आन त्यो व्हता हे मी कुनाला सांगू?"